दारातून न निघणारा सोफा

आमच्या रस्त्यावर सोफे बनवणारा आणि दुरुस्त करणारा एक माणूस आहे. त्याला सगळे धरूनशेठ म्हणतात. शेठपणा त्याच्याकडे कुठूनही आलेला नाही. पोट तेवढं आहे, त्यावरून लोकांनी म्हणायला सुरुवात केली. धरून हे मात्र त्याचं स्वतःच्या कमाईचं. गिऱ्हाईक दुकानात आलं, सोफ्याचं दुखणं सांगून झालं आणि किती होतील म्हणून विचारलं, की हा सोफ्याभोवती एक फेरी मारणार, बैठकीवर मूठ दाबून बघणार, आकडा सांगणार आणि पुढे जोडणार, "सगळं धरून."

सगळं म्हणजे सगळंच. फोम, कापड, काथ्या, पिना, सुईदोरा, सोफा आणायची हातगाडी, पोचवायची हातगाडी, आणि जिन्यात भिंतीला ओरखडा गेला तर त्यावर मारायचा चुनासुद्धा. पलीकडच्या चौकात दुसरा एक सोफेवाला आहे. तो आधी कमी सांगतो आणि मग खिळ्यांचे वेगळे, चेनचे वेगळे, उचलायचे वेगळे असं करत गिऱ्हाइकाला केळ्यासारखं सोलतो. धरूनशेठ त्याचा उल्लेख "तो वेगळेवाला" एवढाच करतो, आणि करताना तोंड असं करतो की फोममध्ये उंदीर मेलाय. एकदा एका बाईंनी सोफा पोचवणाऱ्या हातगाडीवाल्याच्या हातावर चहापाण्याला काही ठेवलं, तर संध्याकाळी धरूनशेठ ते परत करायला त्यांच्या दारात हजर. बाईंना वाटलं, सोफा परत न्यायला आलाय.

या सवयीला धंद्यातली एक जोडसवय आहे. सगळं धरून काम घेतलं, की सोफ्याच्या पोटातून निघालेलं जुनं सामान कारागिराचं. जुना फोम, जुन्या स्प्रिंगा, जुनं लाकूड. गिऱ्हाइकाने ते मागायचं नाही. फटीत सापडलेले कंगवे आणि नाणी तेवढी परत मिळतात.

धरूनशेठचं घर दुकानापासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. वडिलांनी घेतलेलं, त्यांच्यामागे नवराबायको दोघांच्या नावावर झालेलं. त्यामुळे घर घ्यायला काय लागतं आणि विकायला काय लागतं, हे त्याला आयुष्यात कधी कळायची वेळ आली नव्हती. घरात दोन खोल्या, आणि त्यातल्या एका खोलीत सोफा.

या सोफ्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या घरातही जाता येत नाही. काही वर्षांपूर्वी दुकानाचं रंगकाम काढलं होतं, म्हणून एका दाताच्या डॉक्टरचा दवाखान्यातला सोफा धरूनशेठने वर घरीच बनवायला घेतला. काटकोनात वळलेला, भल्या लाकडाचा, कुठे सांधा दिसणार नाही असा. सगळं चिकटवून, ठोकून, एकजीव केलेलं. असा सोफा त्याने आधी केला नव्हता आणि नंतरही नाही. तयार झाला तेव्हा हातगाडीवाले उचलायला आले आणि तो दारातून निघेना. उभा केला, आडवा केला, दाराची चौकट काढली, तर जिन्याचं वळण आडवं आलं. डॉक्टरांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि वेगळेवाल्याकडून दुसरा घेतला. हा सोफा आहे तिथेच राहिला, आणि धरूनशेठची बायको तेव्हापासून स्वयंपाकघरात तिरकी होऊन जाते. सगळं धरलं होतं, दार धरायचं राहिलं होतं.

बायकोला रस्ता काकू म्हणतो. काकू त्याच्याइतकीच कारागीर, आणि पायपिंगमध्ये त्याच्याहून चढ. पायपिंग म्हणजे उशीच्या कडेने फिरते ती बारीक दोरीसारखी शिलाई. ती सरळ असली तर कोणाच्या लक्षात येत नाही. वाकडी असली तर बसणाऱ्याचं मन लागत नाही. काकूची पायपिंग कोणाच्याच लक्षात आलेली नाही. पण गेल्या वर्षी तिचे गुडघे गेले. जिना उतरायचा म्हणजे दोन पायऱ्यांमागे एक शिवी, आणि चढायचा म्हणजे शिव्यांनाही दम पुरेना. मग तिने उतरणंच सोडलं. शिलाईचं अवजड मशीन दुकानात खाली, ती वर. पायपिंग धरूनशेठ स्वतःच करू लागला. वर गेल्यावर ती विचारायची, "काम कसं चाललंय?" तो म्हणायचा, "बरं चाललंय." गिऱ्हाइकं भली होती. बसल्यावर थोडी चुळबुळ करायची आणि गप्प राहायची.

तेवढ्यात दुकानाच्या मागच्या दोन खोल्या विकायला निघाल्या. त्या एका कंपाउंडरच्या. दवाखान्यातून मोकळा झालेला, मुलीकडे राहायला निघालेला माणूस. खोल्या तळमजल्यावर, जरा अंधाऱ्या, म्हणून किंमत बेताची. आणि मधल्या भिंतीत एक जुनं दार, कधीकाळी खिळे ठोकून बंद केलेलं. ते उघडलं तर चुलीपासून मशीनपर्यंत काकूला एक उंबरठा ओलांडायचा. धरूनशेठने ते दार रात्रंदिवस डोक्यात घेतलं. तिसऱ्या मजल्यावरचं घर विकायचं, या खोल्या घ्यायच्या, आणि किमतीतला फरक उरेल त्यात रंग आणि सामानाची हलवाहलव. हिशेब त्याच्या मते चोख होता.

दलाल आमच्याच रस्त्यावरचा. इस्त्रीवाल्याच्या शेजारी एक टेबल आणि फोम बाहेर आलेल्या चार खुर्च्या, हे त्याचं ऑफिस. त्याने वरच्या घराला गिऱ्हाईक आणलं ते एक सिस्टर. मोठ्या इस्पितळात नर्स, एकटी, रात्रपाळीवाली, नर्सच्या वसतिगृहात राहून कंटाळलेली. ती सकाळी ड्युटी संपवून थेट घर बघायला आली. खोल्या बघितल्या, नळ उघडून बघितला, आणि काकूने चहा टाकेपर्यंत जरा टेकते म्हणून सोफ्यावर बसली. चहा आला तेव्हा सिस्टर झोपलेली होती. दलाल खाकरला, भांडी वाजली, खाली कोणाची तरी गाडी केकाटली. सिस्टर हलली नाही. धरूनशेठ समोर स्टुलावर बसून तिच्याकडे बघत होता. कोणी आपली कविता वाचताना कवी बघतो तसा.

जाग आल्यावर ती किंमत ठरवायला बसली. बाई बोलण्यात मऊ आणि हिशेबात टणक. शेवटी आकडा जुळला. मग तिने सरळ विचारलं, "काका, याच्यावर मला अजून काय काय लागेल?"

हा प्रश्न दलालाला होता. पण 'वर काय लागेल' असं कोणी विचारलं की धरूनशेठला आपल्याला वेगळेवाल्याच्या रांगेत बसवल्यासारखं वाटतं. तो ताठ झाला.

"वर एक दमडी लागणार नाही," तो म्हणाला. "सगळं धरून."

दलालाचा चहा नाकातून आला. सिस्टरने आधी दलालाकडे आणि मग धरूनशेठकडे बघितलं. "कागदाचं, सरकारी भरण्याचं, सगळं?" तिने विचारलं. "एकदा सांगितलं ना," धरूनशेठ म्हणाला. तिने तिथल्या तिथे विसाराची रक्कम दिली. धरूनशेठने ती दुपारी कंपाउंडरला त्याच्या खोल्यांचा विसार म्हणून दिली. महिनाअखेरीपर्यंत उरलेले पैसे देऊन कागद करायचा. नाही जमलं तर विसार बुडाला, आणि मोबाइलवाला एकजण त्या खोल्यांवर टपून बसलेलाच होता.

दलाल दुसऱ्या दिवशी दुकानात आला. त्याला रात्री नीट झोप लागलेली दिसत नव्हती. त्याने धरूनशेठला विचारलं, की काल तुम्ही काय बोललात ते तुम्हाला ठाऊक आहे का. धरूनशेठ म्हणाला, किंमत सांगितली. दलाल म्हणाला, "तुमचा वरचा सोफा आठवा. सोफा तयार झाला म्हणजे काम संपलं होतं का? दारातून काढायचा राहिला होता. घराचं तसंच आहे. किंमत ठरली, म्हणजे सोफा तयार झाला. आता तो दारातून काढायचा खर्च."

मग त्याने कोपऱ्यातला उश्यांचा ढीग ओढला. एक उशी म्हणजे धरूनशेठचा एक सोफा, तिघांनी बसायचा, नवा. धरूनशेठला आकडे समजत नाहीत असं नाही, पण सोफ्यांत सांगितलं की पोटापर्यंत जातात, हे दलाल इतक्या वर्षांत शिकला होता. आधी त्याने दोन घरांच्या किमतीतला फरक म्हणून पाच उश्या मशीनवर ठेवल्या. धरूनशेठने त्यांच्याकडे मालकाच्या नजरेने बघितलं.

"आता तुमच्या खरेदीचं," दलाल म्हणाला आणि जमिनीवर मांडायला लागला. कंपाउंडरच्या खोल्यांची स्टॅम्प ड्यूटी, ती सरकारला भरल्याशिवाय कागदाला कागद म्हणत नाहीत. पाच उश्या. कागद सरकारदरबारी नोंदवायची फी, एक उशी. त्या खोल्या खरोखर कंपाउंडरच्याच आहेत का, त्यावर कोणाचं कर्ज, कोणाचा दावा आहे का, हे मागचे कागद काढून बघणारा वकील. त्याला अर्धी उशी लागत होती, म्हणून दलालाने एक लोड ठेवला. वरच्या घराच्या इमारतीला तुमच्याकडून काही येणं नाही असा दाखला, तिची नाव बदलायची फी, आणि घरपट्टी नि पाण्याचं जे बिल कागद होईल त्या दिवसापर्यंत साठलंय ते विकणाऱ्याने चुकतं करायचं, ती एक उशी. मग तो जरा थांबला आणि खाली बघत चार उश्या मांडल्या.

"या कसल्या?"

"मी."

धरूनशेठने उश्यांवरून नजर फिरवली. दुकानात पाय ठेवायला जागा कमी झाली होती. तरी हे जमण्यासारखं होतं. मशीनवरच्या पाच, आणि बँकेत दुखण्याखुपण्याला ठेवलेले. गुडघे हे दुखणंच. तो म्हणाला, होईल.

"हे तुमचं झालं," दलाल म्हणाला. "आता सिस्टरचं." आणि त्याने आणखी सात उश्या मांडल्या. सहा स्टॅम्प ड्यूटीच्या, एक नोंदणीची. हा खर्च घेणाऱ्याचा असतो, अशी रीत आहे. कोणी विकणारा तो अंगावर घेत नाही. पण रीत विकणाऱ्याने तोंडाने मोडली, तर दलाल काय करणार, त्याचा तर चहा नाकात गेला होता.

त्या वेळी एक गिऱ्हाईक दुकानाच्या दारात आलं, जमिनीवरच्या उश्या बघितल्या, आणि आत यायला वाट नाही असं बघून परत गेलं.

धरूनशेठने विचारलं, घेताना घेणाऱ्याने द्यायचं, तर मग मी दोन्हीकडे कसा? दलाल म्हणाला, एकीकडे तुम्ही घेणारे आहात आणि दुसरीकडे तुम्ही सगळं धरून आहात. धरूनशेठने कंपाउंडरलाही जाऊन विचारून बघितलं, तुम्ही तुमच्या खोल्या मला सगळं धरून द्याल का. कंपाउंडरने आयुष्यभर औषधाचे वेगळे आणि बाटलीचे वेगळे घेतले होते. तो नुसता हसला.

मग राहिली सिस्टर. सात उश्या काही कुठून येणार नव्हत्या. धरूनशेठने मनाशी वाक्य तयार केलं, 'मला ठाऊक नव्हतं, चूक झाली,' आणि ते घोकत तो इस्पितळात गेला. सिस्टर वॉर्डात होती. त्याला बाहेर बाकावर बसवलं. बाकाचं रेक्झिन उसवलेलं होतं. वाकडी सुई त्याच्या खिशात असतेच. ती येईपर्यंत त्याने अर्धा बाक शिवला.

ती आली, शेजारी बसली, आणि त्याने तोंड उघडायच्या आत बोलायला लागली. आधी दोन घरं हातातोंडाशी येऊन गेली, दोन्ही वेळा या वरच्या खर्चाने. बँक घराच्या किमतीवर कर्ज देते. कागदाच्या खर्चाला स्वतःचे आणा म्हणते. स्वतःचे तिने जे साठवलेत ते घरातल्या सामानासाठी. वसतिगृहात पलंग, पंखा, कपाट सगळं त्यांचं. तिची अशी एक बादली आहे. "तुम्ही म्हणालात वर काही नाही, म्हणून मी विसार दिला," ती म्हणाली. "नाहीतर मी तो जिनाच चढले नसते." धरूनशेठने मान हलवली, उरलेला अर्धा बाक शिवला, आणि वाक्य जसं नेलं तसं परत आणलं.

घरी येऊन त्याने काकूला सगळं सांगितलं. सिस्टरला नाही म्हटलं तर विसार परत द्यायचा, आणि तो कंपाउंडरच्या खिशात. वरचं घर राहील, खालच्या खोल्या जातील, मधलं दार मोबाइलवाल्याचं होईल. आणि हो म्हटलं तर सात सोफ्यांचे पैसे कोणी उसनेसुद्धा देणार नाही. काकू लसूण सोलत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शब्द तुम्ही दिलात, गुडघे माझे."

तो सोफ्यावर जाऊन बसला. लसूण सोलून झाल्यावर काकूने आतून विचारलं, "सगळं धरून दिलंत ना घर?"

"दिलं."

"मग जुनं कोणाचं?"

धरूनशेठने वर बघितलं. वर पंखा फिरत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडलं नाही. आधी पंखे उतरवले. मग भिंतीतलं कपाट, न्हाणीघरातला गीझर, स्वयंपाकघरातल्या फळ्या, पाण्याची टाकी. हे सगळं वडिलांनी आणि त्याने एकेक करून बसवलेलं, आणि चांगलं बसवलेलं, त्यामुळे निघायला तयार नव्हतं. जुन्या बाजारात याचे दोन सोफे सुटतील असा त्याचा अंदाज होता. सात कुठे, दोन कुठे. पण त्याचा स्वभाव असा, की काम हातात असलं की पुढचं पुढे. शेवटी खोलीत सोफा उरला. लाकूड अस्सल होतं. दारातून निघत नसला तरी तुकड्यांनी निघाला असता. त्याने करवत आणली, सोफा भिंतीपासून सरकवला आणि थांबला.

काकू दारात उभी होती. "कापा," ती म्हणाली. "इतकी वर्षं तिरकी चालतेय."

त्याने मागचा एक पाय कापला. दुसऱ्या पायाला करवत लावली, आणि तेवढ्यात सिस्टर आली. ती पडद्यांसाठी खिडक्यांचं माप घ्यायला आली होती. मागे दलाल. छताला नुसते हूक, जमिनीवर पंखे पाकळ्या पसरून पडलेले, आणि सोफा एका बाजूला कलंडलेला.

"काका, हे काय चाललंय?"

"जुनं काढतोय," धरूनशेठ म्हणाला.

"कोणाचं?"

"माझं."

दलालाने कपाळाला हात लावला. धरूनशेठने मात्र शांतपणे सांगितलं, की सिस्टरने काळजी करू नये. स्टॅम्प ड्यूटी, नोंदणी, जे काही असेल ते तो भरणार. कसं ते त्याला अजून ठाऊक नाही, पण भरणार. त्याच्या धंद्यात सगळं धरून काम घेतलं की जुनं सामान कारागिराचं असतं. घरात भिंती, छप्पर, दारं, खिडक्या तिच्या. बाकीचं तो नेतोय. तो अडवणूक करत नव्हता. त्याला खरोखरच असं वाटत होतं.

सिस्टरने घरभर एक चक्कर मारली. न्हाणीघरात गीझरच्या जागी दोन पाइप होते, स्वयंपाकघरात फळ्यांच्या जागी भोकं. परत आली आणि सोफ्याच्या न कापलेल्या टोकाला बसली. सोफा कुरकुरला नाही.

"हा पण नेणार?"

"तोडून. असा निघत नाही."

"तोडून किती येतील याचे?"

"दीड सोफ्याचे."

"आणि असाच नवा घेतला तर?"

"असा नवा कोणी करत नाही," धरूनशेठ म्हणाला. अभिमानाने नाही, माहिती म्हणून. "केला तर साध्या तीन सोफ्यांचे होतील, तेवढे."

सिस्टरची बोटं हलू लागली. कपाट, पंखे, गीझर, टाकी, पलंगाऐवजी हा सोफा, असं ती बोटांवर मोजत असावी. रात्रभर लोकांचे ताप मोजणारी बाई. मग म्हणाली, की हे सगळं विकत घ्यायला मी जे साठवलंय, ते जवळजवळ स्टॅम्प ड्यूटीएवढंच आहे. हे होतं तिथे परत लागलं आणि तिथेच राहिलं, तर मला ते पैसे सामानाला लागणारच नाहीत. "मग स्टॅम्प ड्यूटी माझी मी भरते. तुम्ही करवत खाली ठेवा."

दलालाचा चेहरा उजळला. धरूनशेठचा नाही. तो करवत हातात धरून उभाच राहिला. म्हणाला, असं चालणार नाही. वर दमडी लागणार नाही असा शब्द दिलाय. तिच्याकडून स्टॅम्प ड्यूटी घेतली तर मी आणि तो वेगळेवाला, फरक काय राहिला. दलाल त्याला दंडाला धरून कोपऱ्यात नेऊ लागला, पण त्या खोलीत सोफ्यामुळे कोपरा मोकळा नव्हता.

काकू आतून म्हणाली, "अहो, वर कुठे लागतंय तिला? जेवढं खर्चायचं ठरवून आली तेवढंच खर्चतेय. दुकानात जाण्याऐवजी सरकारकडे जातंय, इतकंच."

धरूनशेठने याचा विचार केला. विचार करताना तो सोफ्याच्या बैठकीवर मूठ दाबून बघतो. सिस्टर जरा बाजूला सरकली. दलाल म्हणाला, तिच्या साठवलेल्यातून सहा उश्या होतात, नोंदणीची सातवी उरते.

"ती माझी," धरूनशेठ म्हणाला. "तेवढी तरी धरून."

त्यावर सिस्टरने भांडण केलं नाही. फक्त एक अट घातली: पाय. धरूनशेठने संध्याकाळी सोफ्याला नवा पाय बसवला आणि तो आधीच्या सगळ्या पायांपेक्षा सरस निघाला, म्हणून उरलेल्यांना रंधा मारावा लागला. पंखे परत चढले. गीझर परत चढताना गळला, त्याचा वायसर धरूनशेठच्या पदरचा.

सातवी उशी कुठून आली, तर दलालाकडून. चार उश्यांची दलाली नुसत्या चार खुर्च्यांवर भागली नाही, पण तीन उश्यांवर आली, आणि बदल्यात ऑफिसातल्या चारही खुर्च्या नव्याने करून द्यायच्या ठरल्या. दलालाने जाताना सहज विचारलं, जुना फोम? धरूनशेठ म्हणाला, माझा.

कागद करायच्या दिवशी लक्षात आलं, की वरचं घर दोघांच्या नावावर आहे, तेव्हा सहीला काकू हजर लागणार. नोंदणीचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. हा खर्च दलालाच्या उश्यांतही नव्हता. मग तेच हातगाडीवाले आले. काकूला दलालाच्या नव्या खुर्चीत बसवलं, तिसऱ्या मजल्यावरून उतरवलं, गाडीवरून नेलं आणि तिकडे दोन मजले चढवलं. जिन्याच्या वळणावर एकजण सवयीने म्हणाला, "जरा तिरकी करा." काकू म्हणाली, तिरकी व्हायची सवय आहे मला. वर तिने फोटो काढून दिला, अंगठा दिला, सह्या केल्या. कारकून म्हणाला सगळ्याच्या झेरॉक्स लागतील, आणि सिस्टरने पर्स उघडली. धरूनशेठने ती तिच्या हातात तशीच मिटवली आणि पैसे दिले. त्या दिवशी तो एवढ्यावरच खूश दिसला. मग पुढच्या टेबलावर कंपाउंडरच्या खोल्यांचा कागद झाला. कंपाउंडरने झेरॉक्सचे स्वतःचे स्वतः दिले, पण किल्ल्यांच्या जुडग्यातली साखळी काढून घेतली.

काकू परत वर गेलीच नाही. सामान खाली आलं, सोफा सोडून. मधल्या दाराचे खिळे धरूनशेठने आदल्या दिवशीच उपसले होते. खाली आल्यावर तिने खोल्या बघितल्या नाहीत. सरळ दारातून दुकानात गेली, मशीनपुढे बसली आणि रचून ठेवलेल्या उश्यांतली एक उचलून उजेडात धरली. कडेने बोट फिरवत नेलं. मग दुसरी घेतली. मग दलालाच्या उरलेल्या तीन खुर्च्यांच्या बैठका.

"हे कोणी शिवलंय?"

धरूनशेठ पिनांचा डबा शोधत होता. डबा त्याच्या हातातच होता.

तिने ब्लेड घेतलं आणि उसवायला बसली. दोन दिवस नुसतं उसवत होती. तिसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं, आणि त्याच सकाळी एक माणूस मोठ्या सोफ्याचं काम घेऊन आला. नवा हवा, काटकोनात वळलेला, कुठेतरी बघितला होता तसा. धरूनशेठच्या डोळ्यांत जरा चमक आली. त्याने हवेतच एक फेरी मारली, आकडा काढला आणि म्हणाला, "सगळं..."

मशीन थांबलं.

"आधी त्यांचं दार मोजून या," काकू म्हणाली.

धरूनशेठने गिऱ्हाइकाकडे बघितलं, खुंटीवरची टेप घेतली आणि त्याच्या मागोमाग निघाला.